माउटहाउझन पाहावे, गुझेन ऐकावे

ऑस्ट्रियातील लिंझपासून सुमारे २० किलोमीटरवर असलेले माउटहाउझन छळछावणीचे स्मारक मी दोनदा पाहिले. पहिल्या वेळी एका सहल कंपनीच्या बसमधून गेलो होतो. तिने मुख्य छावणीला जेमतेम दीड तास दिला आणि उपछावण्यांचा साधा उल्लेखही केला नाही. हा अभिप्राय दुसऱ्या, एकट्याने केलेल्या भेटीवर आधारलेला आहे.

मुख्य स्मारकाला प्रवेश विनामूल्य आहे. ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेल्यानंतर पाचच महिन्यांत, ऑगस्ट १९३८ मध्ये, छावणी नेमकी येथेच का उभी राहिली, याचे उत्तर तिच्या दगडी तटबंदीत नसून खालच्या ग्रॅनाइटच्या खाणीत आहे. खाण एसएस या नाझी निमलष्करी संघटनेच्याच कंपनीकडे होती आणि कैदी हे तिचे मजूर होते. पाठीवर दगड लादून ते ज्या १८६ पायऱ्या चढत, त्या वरून पाहिल्या तरी चढाचा अंदाज येतो. मृतांची ८१ हजारांहून अधिक नावे असलेल्या दालनासाठी मात्र वेळ राखून ठेवावा. तेथे घाईने फिरणे शोभत नाही.

तरीही येथूनच परतणाऱ्याने अर्धाच इतिहास पाहिला, असे माझे मत आहे. माउटहाउझनच्या ४० हून अधिक उपछावण्या होत्या. जवळच्याच गुझेन येथे १९४० पासून सुमारे ७१ हजार कैदी आणले गेले आणि त्यांतील निदान ३५ हजार मेले. संपूर्ण छावणीव्यवस्थेतील किमान ९० हजार बळींशी हा आकडा ताडून पाहावा. युद्धानंतर मात्र या जागेवर घरे उठली आणि छावणीचे प्रवेशद्वारही कोणाचे तरी राहते घर झाले. शवदाहाची भट्टी वाचली ती सुटलेल्या कैद्यांच्या आग्रहामुळे. तिच्याभोवती १९६५ मध्ये झालेले स्मारक मिलानच्या ज्या वास्तुरचनाकारांनी रचले, त्यांपैकी बेल्जोयोझो हे स्वतः गुझेनचे कैदी होते आणि त्यांचे भागीदार बान्फी एप्रिल १९४५ मध्ये, म्हणजे सुटकेच्या काही आठवडे आधी, तेथेच मरण पावले. हे ठाऊक असले की त्या काँक्रीटच्या भिंती निराळ्याच दिसू लागतात.

या स्मारकापासून शेजारच्या सांक्ट गेओर्गेन गावातील भुयारांपर्यंत, जेथे कैद्यांकडून मेसरश्मिट जेट विमानांचे सांगाडे बनवून घेतले जात, एक श्राव्य पदयात्रा, म्हणजे ध्वनिमुद्रण ऐकत चालायची वाट, आहे. कानांत छावणीतून जिवंत सुटलेल्या कैद्यांचे, गावकऱ्यांचे आणि पहारेकऱ्यांचेही आवाज, तर डोळ्यांसमोर नीट राखलेल्या बागा आणि वाळत घातलेले कपडे. कोणत्याही दालनाने साधले नसते ते ही रचना साधते. माझ्या दृष्टीने संपूर्ण भेटीतील सर्वोत्तम भाग हाच.

चालण्यासाठी किमान दीड तास धरावा, अंगणांतील माणसांची छायाचित्रे घेऊ नयेत आणि मुख्य छावणी आधी पाहून मगच येथे यावे.