मनगट मोडल्याचा निबंध आणि अलकापुरीतला क्लास

अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जासाठी निबंधाचं मार्गदर्शन करणारे बडोद्यात आता पैशाला पासरी झालेत. एकाने तर "तुम्ही फक्त मुद्दे द्या, बाकी आमच्यावर सोडा" असं सांगितलं. तिथून आम्ही सरळ उठलो, कारण हे लेखन माझंच आहे असं अर्जात लिहून द्यावं लागतं. शेवटी लेकीला अलकापुरीतल्या एका क्लासला घातलं. पाचपैकी साडेतीन तारे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॉमन अ‍ॅपचा (म्हणजे एकाच ठिकाणाहून अनेक कॉलेजांना अर्ज करायच्या वेबसाइटचा) मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांत बसवायचा. सात प्रश्नांतला एक निवडायचा, त्यात सातवा म्हणजे "हवं त्यावर लिहा". तिथून जितक्या कॉलेजांना अर्ज कराल, तितक्यांना हाच निबंध जातो. आमच्या वेळी एमएस युनिव्हर्सिटीत मार्कशीट दाखवली की काम व्हायचं, त्यामुळे घरात कुणाला यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

लेक लहानपणापासून दोरीचा मल्लखांब करते. दहावीनंतर मनगट मोडलं, त्यावरच लिहायचं तिच्या मनात होतं. पहिल्याच दिवशी तिथल्या ज्युनिअर मॅडमनी "टाळायचे विषय" असा छापील कागद हातात दिला. खेळातली दुखापत, आजी, समाजसेवेची ट्रिप, आणि बडोद्याची खास भर म्हणजे नवरात्रातला गरबा. पोरगी तोंड पाडून घरी आली. एक तारा मी इथेच कापला. सतरा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात होऊन होऊन वेगळं काय होणार हो?

पुढच्या वेळी मुख्य सर भेटले. त्यांनी कागद बाजूला सारला आणि तिचा कच्चा खर्डा वाचला: पडले, रडले, हार मानली नाही, पदक मिळालं. म्हणाले, "विषय राहू दे. पण हे कराटेवालाही लिहील आणि क्रिकेटवालाही." मग विचारलं, प्लास्टर असताना आखाड्यात जायचीस का? जायचे. काय करायचीस? "पछी?" (गुजरातीत "मग?") प्रत्येक उत्तरावर त्यांचं हेच, "पछी?" तासभर.

त्यातून निघालं ते मलाही नवीन होतं. एक हात निकामी, म्हणून मुलांच्या खांबाला एरंडेल लावायचं काम तिच्याकडे आलं होतं. उरलेला वेळ दोरीवरच्या लहान मुलींवर लक्ष ठेवायचं. दोर पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटात धरतात. तिच्या लक्षात आलं, की घाबरलेली मुलगी हातांनी दोर आवळते आणि पायाची पकड सोडते. म्हणून ही चेहऱ्याकडे न बघता पायांकडे बघायला लागली आणि पोरगी घसरायच्या आत "अंगठा!" म्हणून ओरडायची. निबंध झाला तो याचा. पडणं एका वाक्यात आटोपलं, पदक गेलंच. सरांनी स्वतः एक शब्दही लिहिला नाही, गूगल डॉकच्या कडेला नुसते प्रश्न. साडेतीन तारे आहेत ते एवढ्यासाठी.

उरलेला अर्धा तारा फीमुळे गेला. २२,००० रुपयांत फक्त मुख्य निबंध. "आमचंच कॉलेज का?" छापाचे जे छोटे निबंध बरीच कॉलेजं वेगळे मागतात, त्यांचे दर निराळे, आणि हे कळलं ऑक्टोबरच्या शेवटी, १ नोव्हेंबरची मुदत डोक्यावर असताना! कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीचा तर अर्जच वेगळा: आठ प्रश्नांतले चार, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. तेही पॅकेजमध्ये नाही.

जाणार असाल तर पैसे भरण्याआधी किती निबंध धरलेत ते लिहून घ्या, आणि पहिली बैठक सरांबरोबरच मागा. ते फक्त शनिवारी असतात. गाडी मात्र नेऊ नका, खालच्या पार्किंगवाल्याशी रोज नव्याने भांडावं लागतं.