इन्क्युबेटरमधली खोली की भोसरीतला गाळा?

हे लिहितोय ते वस्तू बनवणाऱ्यांसाठी. धंदा नुसत्या ॲपचा असेल तर पुण्यात बाणेर-बालेवाडीत कुठलंही को-वर्किंग चालतं, त्यात फार डोकं घालायला नको. आमचं यंत्र ठिबकच्या लाइनवर बसतं आणि पाण्याचा दाब मोजून शेतकऱ्याच्या मोबाइलवर कळवतं. त्यात सर्किट थोडं, पितळेची बॉडी आणि तिच्या चुड्या, म्हणजे आटे, यांचाच ताप जास्त. आधी आम्ही एका इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणाऱ्या केंद्रात, बसत होतो, आता भोसरी एमआयडीसीत गाळा आहे.

इन्क्युबेटरला नावं ठेवायची घाई करू नका. सरकारचा सुरुवातीचा पैसा बराचसा त्याच दारातून येतो. २०२१ला सुरू झालेली स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना घ्या (सध्या अर्ज घेतायत का ते आधी बघा). प्रोटोटाइपसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, पुढे बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा कन्व्हर्टिबल (पुढे शेअरमध्ये बदलणारं कर्ज), आणि हे सगळं इन्क्युबेटरमार्फत. अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, त्यामुळे ‘आधी जरा जम बसू दे’ म्हणत बसलात तर गाडी सुटते. निधी-प्रयास या केंद्राच्या योजनेचे १० लाखांपर्यंतचे अनुदानही असंच मिळतं. शिवाय ज्यांचं काम बायोटेकचं किंवा केमिस्ट्रीचं आहे त्यांनी पाषाणला, एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर हे इन्क्युबेटर बघावं. मी तिथं पाहुणा म्हणूनच गेलोय, पण तसली उपकरणं कुठल्या गाळ्यात मिळणार? त्या मंडळींनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आम्हाला आमच्या इन्क्युबेटरमधून उठवलं ते ‘गेटपास’ या कागदानं. सरकारी आवारातल्या त्या जागेचं नाव घेत नाही, माणसं चांगली होती. पण बॉडीची चुडी जरा घट्ट झाली की ती लेथवर न्यायची, म्हणजे आवाराबाहेर. बाहेर म्हटलं की रिटर्नेबल गेटपास आला. तीन प्रती, वस्तूचं वर्णन, परत आणायची तारीख आणि एका ठरावीक साहेबांची सही. साहेब मीटिंगमध्ये असले तर थांबा, साडेपाचनंतर उद्या या, शनिवारी विषयच नाही. लेथवरचं काम दहा-पंधरा मिनिटांचं, सहीला दिवस. परत आणताना वॉचमन पास आणि माल ताडून बघणार. पासवर ‘पितळी भाग, ५ नग’ लिहिलंय आणि पिशवीत चारच आहेत, कारण एक लेथवाल्याच्या हातून बाद झाला. मग त्या पाचव्याचा खुलासा अर्जावर. नियम चुकीचा आहे असंही म्हणता येत नाही. सरकारी आवारातून माल असाच बाहेर पडणार. पण ज्याला एक बॉडी आठ वेळा सुधारायची आहे त्याचं डोकं यात पिकतं. आम्ही तर शेवटी बदल सुचला तरी ‘असू दे, पुढच्या लॉटला बघू’ म्हणायला लागलो होतो, आणि मला वाटतं खरं नुकसान तिथंच होत होतं.

भोसरीत समोरच्या शेडमध्ये लेथ आहे, दोन गाळे सोडून व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), कोपऱ्यावर पावडर कोटिंग. ‘दादा, ही चुडी जरा सैल करून द्या.’ ‘ठेवा तिथं, चहा घेऊन या.’ हिशेब वहीत, महिन्याच्या शेवटी. एका नगाचं काम कोणी हसण्यावारी नेत नाही, निदान आमच्या गल्लीत तरी. १९६०च्या दशकात टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि बजाज या पट्ट्यात आले, त्यांच्यासाठी सुटे भाग करता करता जॉबवर्कवाल्यांची ही वस्ती वाढली. एवढं कौशल्य इतक्या जवळजवळ कुठल्याही योजनेतून उभं करता येईल असं वाटत नाही. धंद्यातल्या गोष्टीही आम्ही शेजाऱ्यांकडूनच शिकलो. बिलावर उद्यम नंबर (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) छापा, हे शेजारच्या काकांनी सांगितलं. कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदतीबाहेर थकवले तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला प्राप्तिकरात तो खर्चही धरता येत नाही. हे कळल्यापासून आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचं अकाउंट्स खातं फोनवर बरंच गोड बोलतं.

गाळ्याचे त्रास आहेतच. मे महिन्यात पत्र्याखाली बसवत नाही. गुरुवारी लाइट जाते, त्यामुळे आठवड्याची सुट्टी तीच. सीड फंड हा शब्द आमच्या गल्लीत कोणी ऐकलेला नाही, आणि पाहुण्या गुंतवणूकदाराला बसवायला धड खुर्ची नाही. त्यावर आमचा तोडगा असा की एका इन्क्युबेटरचं नुसतं सदस्यत्व ठेवायचं, जागा घ्यायची नाही. काही ठिकाणी हे चालतं, काही ठिकाणी बसायचीच सक्ती असते, तर काहीजण भाड्याबरोबर थोडे शेअरही मागतात. अर्जाआधी विचारून घ्या. मधला पर्याय हवा असेल तर चिंचवडचं ऑटो क्लस्टर, म्हणजे उद्योगांसाठीचं सामाईक सोयींचं केंद्र, आहे. टेस्टिंगसाठी आम्हीही तिथं जातो.

तुमची वस्तू महिन्यातून एकदाच बाहेर न्यावी लागत असेल तर कदाचित इन्क्युबेटरच बरा. रोज न्यावी लागणार असेल तर मी तरी गाळाच घेईन.

गाळा बघायला गेलात की भाड्याआधी कागद बघा. २०२५च्या फेब्रुवारीत चिखली-कुदळवाडीत महापालिकेने हजारो बांधकामं पाडली, त्यात भंगारवाल्यांबरोबर छोटे वर्कशॉपवालेही उठले. म्हणून जागा एमआयडीसीच्या प्लॉटवर आहे का, आणि मालकाकडे पोटभाड्याची एमआयडीसीची परवानगी आहे का, हे आधी विचारायचं. तिसरा प्रश्न थ्री-फेज लोडचा. त्यावर मालक ‘होऊन जाईल’ म्हणाला तर विजेचं बिल मागा, मंजूर भार त्यावर छापलेला असतो.