खारपाणपट्ट्यातील तांब्याचा गिझर : १४ वर्षांची साथ आणि नंतरची बदली

दर्यापूर तालुक्यातील आमच्या घरी २००९ च्या दिवाळीनंतर तांब्याच्या टाकीचा २५ लिटरचा गिझर आला. तोपर्यंत न्हाणीचे पाणी अंगणातल्या चुलीवर पऱ्हाट्या जाळून तापवले जाई. तो गिझर डिसेंबर २०२३ मध्ये उतरवावा लागला. त्याच्या जागी पुन्हा तांब्याचाच घेतला आणि त्यावरही आता दोन हिवाळे गेले आहेत. आमच्याकडच्या पाण्यात कोणती टाकी टिकते, असे गावातले बरेच जण विचारतात; त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहितो.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात, बोअरचे पाणी कसे असते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे दर लिटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅममधले प्रमाण, १८०० च्या वर भरला. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. या पाण्यात गिझरला दोन वेगवेगळे त्रास असतात. पहिला चुनखडीच्या थराचा, जो कोणत्याही टाकीत बसतोच. दुसरा पाण्यातल्या मिठाचा, म्हणजे क्लोराइडचा, आणि टाकी कोणत्या धातूची घ्यावी हे खरे तर त्यावरच ठरते. स्टेनलेस स्टीलला क्लोराइड वेल्डिंगच्या रेषेजवळ बारीक छिद्रे पाडते, तेही गरम पाण्यात अधिक लवकर. काचेचा मुलामा दिलेल्या लोखंडी टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीऐवजी ती झिजते आणि टाकी वाचते, पण खाऱ्या पाण्यात ती लवकर संपते, आणि दरवर्षी उघडून पाहणारा माणूस खेड्यात सहसा मिळत नाही. तांब्याला अशी कांडी लागत नाही. आम्ही तांबे निवडले ते याच कारणाने, आणि १४ वर्षांनंतरही ती निवड चुकली असे मला वाटत नाही.

जुनी टाकी उतरवल्यावर मी ती मुद्दाम कापून पाहिली. तळाशी पांढरट-तपकिरी खपल्यांचा घमेलेभर ढीग होता. भिंतींवरची कथिलाची कल्हई बऱ्याच ठिकाणी उडून गेली होती आणि तिथे हिरवा कळंक धरला होता, पण नखाने खरवडल्यावर खाली लालसर, धड पत्रा दिसत होता. आरपार भोक एकही नव्हते. गळती होती ती थंड पाणी आत येते त्या जोडावर. तेथील झाळ केसाएवढ्या रेषेत उकलली होती आणि तळाची थाळी बाहेरच्या बाजूला चांगली बोटभर फुगली होती. तालुक्याहून आलेल्या मिस्त्रीने त्या फुगवट्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "टाकीले काई नाई झालं, काकाजी. हिचा श्वास कोंडला होता."

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. सुरुवातीला आमचा गिझर गच्चीवरच्या टाकीला सरळ जोडलेला होता, त्यामुळे तापून वाढलेले पाणी त्याच नळीने मागे सरकत असे. पुढे आम्ही प्रेशर पंप बसवला आणि त्याबरोबर पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्हही आला. तेव्हापासून गिझर ही चहूबाजूंनी बंद टाकी झाली. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर नेले की ते सुमारे ४०० मिलिलिटरने वाढते. एवढे पाणी बंद टाकीतून बाहेर पडण्याची एकमेव वाट म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. तो रोज ठिबकत असे. २०२३ च्या पावसाळ्यात दुसऱ्या एका कारागिराने ते ठिबकणे म्हणजे बिघाड समजून त्याच्या तोंडाला टोपी बसवून टाकली आणि आम्हीही, पाणी वाया जायचे थांबले म्हणून, समाधान मानले. पुढच्या पाच महिन्यांत तळ फुगला आणि जोड सुटला. ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट अडकला असता तर टाकी फुटून न्हाणीतल्या माणसाच्या जिवावर बेतले असते, हा विचार आजही मनातून जात नाही. ज्यांच्या घरी पंप आहे त्यांनी या व्हॉल्व्हचे तोंड आजच जाऊन पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तांब्याचा पत्रा पातळ असल्याने त्याला उलटा धोकाही असतो. वीज गेलेली, गच्चीवरची टाकी रिकामी आणि खालचा नळ उघडा राहिला, तर गिझरमधील पाणी खाली ओढले जाते आणि आत हवा शिरायला वाट नसेल तर टाकी आत पिचकते. आमच्याकडे तसे झाले नाही. तरीही नव्या जोडणीत हवा आत घेणारा व्हॉल्व्ह आग्रहाने लावून घेतला.

बदलीचा अनुभव संमिश्र आहे. तालुक्याच्या बाजारात तांब्याची टाकी मिळालीच नाही; अमरावतीच्या दुकानदाराने मागवून दिली, त्यासाठी तीन आठवडे थांबावे लागले आणि किंमत त्याच मापाच्या काचेच्या मुलाम्याच्या गिझरच्या जवळजवळ दुप्पट पडली. जुन्या टाकीचे तांबे साडेतीन किलो भरले. त्या मोडीत व्हॉल्व्ह, जोडनळ्या आणि मजुरी सुटली. मिस्त्रीचे काम मात्र मनापासून वाखाणण्यासारखे होते. गिझरपुढची जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) नळी त्याने काढायला लावली, कारण तांब्याच्या टाकीतून आलेल्या पाण्यात तांब्याचा अंश उतरतो आणि तो पुढच्या जस्ताच्या मुलाम्याच्या नळीला आतून पोखरतो. आमच्या नळीचा कापलेला तुकडा त्याने उन्हात धरून दाखवला; आत गंजाच्या गाठी दाटल्या होत्या. आता तिथे सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकची, नळी आहे.

नव्या गिझरविषयी माझी एक तक्रार आहे. तळाचे पाणी सोडण्याचा बूच भिंतीकडच्या बाजूला दिल्यामुळे, गाळ काढायचा झाला तर सगळा गिझर सैल करावा लागतो. पाणी तापवणाऱ्या कॉइलवर चुनखडीचा थर चढला की उष्णता पाण्यात जाण्याऐवजी कॉइलमध्येच कोंडते आणि कॉइल फुटते. जुन्या गिझरच्या तीन कॉइली आम्ही अशाच गमावल्या. म्हणून दर सहा महिन्यांनी गाळ काढणे भाग आहे आणि कंपनीने त्याची सोय ठेवायला हवी होती. थर्मोस्टॅट आम्ही ६० च्या वर नेत नाही, कारण पाणी जितके जास्त तापेल तितकी चुनखडी झपाट्याने खाली बसते. शहानूर धरणाच्या योजनेचे पाणी ज्या दिवशी येते त्या दिवशी तेच गिझरच्या टाकीत घेतो, बोअरचे नाही.

गोड्या पाण्याच्या गावात दुप्पट पैसे घालायची गरज नाही. तिथे काचेच्या मुलाम्याची टाकी पुरते, फक्त कांडी वेळेवर बदलावी. खारपाणपट्ट्यात मात्र मी तांबेच सुचवीन. व्हॉल्व्हच्या तोंडाखाली आता एक तपेली ठेवली आहे. रोज सकाळी ती अर्धी भरलेली दिसली की गिझर ठीक चालला आहे असे आम्ही समजतो.