'०.१ डीबी'चा एलएनबी: सात महिन्यांनी, सूर्याला साक्ष ठेवून

चतुर्थीची माटोळी बांधायच्या धामधुमीत हा एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसणारा, उपग्रहाचा सिग्नल पकडून वाढवणारा डबा) घरी आला, किंमत ४८० रुपये. क्यूओ-१०० हा हौशी रेडिओवाल्यांचा उपग्रह ऐकायचा म्हणून डिचोलीच्या घराच्या गच्चीवर पडून असलेल्या ६० सेंटीमीटरच्या डीटीएच डिशवर चढवला. उपग्रह २५.९ अंश पूर्वेला, म्हणजे आमच्याकडून पश्चिमेला साधारण ३३ अंश उंचीवर. पहिल्याच संध्याकाळी आवाज आले. ऊन चढलं की वारंवारता सरकते, पण या किमतीत तेवढं चालतं.

तिथेच थांबलो असतो तर पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. पण खोक्यावरचं ते ठळक 'नॉइज फिगर ०.१ डीबी' डोक्यातून जाईना. नॉइज फिगर म्हणजे एलएनबी स्वतःची किती खरखर (नॉइज) मिसळतो त्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं. ०.१ डीबी (डेसिबल) म्हणजे तापमानाच्या भाषेत जेमतेम ७ केल्विन! रेडिओ दुर्बिणीवाले रिसीव्हर अतिथंड करतात तेव्हा कुठे असले आकडे दिसतात, आणि हा पठ्ठ्या गोव्याच्या उन्हात दांडीला लटकलेला.

मोजायला फुकटचं साधन एकच, सूर्य. डिश सूर्याकडे करायची, मग त्याच उंचीच्या मोकळ्या आकाशाकडे, आणि दोन्हीकडच्या नॉइजमधला फरक बघायचा. रिसीव्हरचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवायचं प्रमाण, कायम; तो आपोआप बदलणारी एजीसी बंद. मला डिश फिरवताना बघून आई म्हणाली, "अर्घ्य देतोस की काय रे?"

फरक आला २.६ डीबी. हिशेबाने बराच जास्त यायला हवा होता. विक्रेत्याला फोन केला, तर उत्तर काय, "सर, टीव्हीवर चित्र दिसतं ना?" अहो, टीव्हीला लावलाय कुणी! बदलूनही देईनात, पैसेही देईनात. दोन महिने चिडचिड केली, एक तारा देणारा मजकूरही लिहून ठेवला.

आता कबुली. चूक बरीचशी माझी होती. आठ बिटांच्या डोंगलचा (संगणकाला लावायच्या छोट्या रिसीव्हरचा) गेन मी वरच्या टोकाला ठेवला होता, त्यामुळे सूर्य समोर आला की तो गुदमरायचा आणि फरक दबायचा. गेन उतरवला तर फरक ४.४ डीबी. शिवाय माझं 'मोकळं आकाश' शेजारच्या माडाला घासून जात होतं. झावळ्या नॉइजच्या बाबतीत भिंतीइतक्याच गरम असतात, हे तेव्हा लक्षात आलं. जागा बदलल्यावर आणखी दोन-तीन दशांश मिळाले.

पण म्हणून खोक्यावरचा आकडा खरा ठरत नाही. डिशवरून काढून नुसता एलएनबी आधी गरम भिंतीकडे धरला, मग थेट वर, थंड आकाशाकडे. ०.१ खरा असता तर फरक ११ डीबीच्या वर जायला हवा होता. आला ५.६. म्हणजे नॉइज फिगर सव्वा डीबीच्या आसपास. ४८० रुपयांत सव्वा डीबी वाईट नाही हो! तेवढंच छापलं असतं तरी मी घेतला असता. खोटं कशाला छापायचं?

खरी मजा मार्चच्या मध्याला आली. त्या दिवसांत दुपारी साडेचारच्या सुमाराला सूर्य स्वतःच उपग्रहाच्या मागून जातो. डीटीएचवाल्यांचं चित्र जातं तोच प्रकार. डिशला हातही लावायचा नाही. ट्रान्सपाँडरच्या (उपग्रहावरून सिग्नल परत पाठवणाऱ्या यंत्रणेच्या) पट्ट्याबाहेरच्या रिकाम्या जागी ट्यून करून बसलो. नॉइजची रेघ हळूहळू चढली, टेकडीसारखी गोल झाली आणि उतरली. सगळा खेळ पंधरा-वीस मिनिटांचा. शेंडा ४.५ डीबीवर, हाताने मोजलेल्याच्या अगदी जवळ. चहा गार झाला ते कळलंही नाही.

सूर्य रोज सारखा नसतो, तेव्हा हिशेबात त्या दिवशीचा फ्लक्स (सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ ऊर्जेचं माप) धरायला विसरू नका. कॅनडातल्या पेन्टिक्टन वेधशाळेचा १०.७ सेंटीमीटरचा आकडा २८०० मेगाहर्ट्झचा, इथली वारंवारता बरीच वरची, म्हणून तो थेट चालत नाही. मी ऑस्ट्रेलियातल्या लिअरमंथ वेधशाळेचे ८८०० आणि १५४०० मेगाहर्ट्झचे आकडे घेऊन मधला काढला.

तीन तारे. कापलेल्या दोनांपैकी एक त्या छापील आकड्याचा, दुसरा फोनवरच्या उत्तराचा. सूर्य उपग्रहामागे यायची पुढची संधी सप्टेंबरअखेरीस, दुपारी चारच्या सुमाराला. तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण आत्ताच पिवळं पडून तडकायला लागलंय, मिरगाच्या आत त्याचं काहीतरी करायला हवं.