दहावी-बारावी एकाच वर्षात? परभणीतला आमचा अनुभव

सुटलेली दहावी-बारावी करून देतो म्हणत एका अकॅडमीने परभणीत आम्हा पंधरा-वीस जणांना चुना लावला. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण धंद्याची रीत सांगते, कारण असली दुकानं टाकणारा तो एकटाच नसणार.

आमच्या बॅचमध्ये प्रत्येकाची गरज वेगळी होती. मी नववीत शाळा सोडलेली. मला अंगणवाडी मदतनीस व्हायचं होतं आणि २०२३ पासून त्या पदालाही बारावी लागते. एका ट्रकवाल्या दादाला आखातात जायचं होतं. दहावी पास नसलं की पासपोर्टवर ईसीआर असा शेरा पडतो, मग सौदी-कतारला कामाला जाताना वेगळ्या सरकारी परवानगीचे हेलपाटे. एका मावशींना बी.ए. करायचं होतं, निव्वळ हौस म्हणून. आणि जिंतूरकडच्या एका पोराला ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं. आता गंमत बघा, १ जानेवारी १९९५ ला किंवा नंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पासची अट आहे, आणि हा पठ्ठ्या आठवी पास! त्याला काहीच करायची गरज नव्हती.

अकॅडमी चालवणाऱ्या सरांनी सगळ्यांच्या गळ्यात एकच पॅकेज मारलं. दहावी-बारावी एका वर्षात, अठरा हजार, हप्ते चालतील. "ताई, तुम्ही फक्त पेपरला या, बाकी माझ्यावर सोडा." हे कशासाठी पाहिजे, असं त्यांनी एकालाही विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी शाळा सोडल्याचा मूळ दाखला ठेवून घेतला. बोर्डाला लागतो म्हणाले. पुढे कुणी पैसे परत मागितले की "आधी राहिलेला हप्ता भरा, मग टी.सी. न्या" हे उत्तर ठरलेलं. दाखला म्हणजे त्यांच्याकडचं गहाणच झालं. पैसे फोनपेने घेतले, तेही सरांच्या बायकोच्या खात्यावर. पावती मिळाली, पण तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं 'समुपदेशन व साहित्य शुल्क'. परीक्षा, बोर्ड, प्रवेश यातला एकही शब्द नाही. ती पावती लिहिणारा माणूस पुढचं सगळं ओळखून होता.

परीक्षा झाली ती अकॅडमीच्याच गाळ्यात, किराणा दुकानाच्या वर. हॉल तिकिटावर दिल्लीच्या कुठल्याशा बोर्डाचं नाव. पर्यवेक्षक म्हणून सरांचा भाचा. उत्तरं फळ्यावर. महिनाभरात दोन गुणपत्रिका हातात आल्या, होलोग्राम लावलेल्या, दहावी चौऱ्याहत्तर टक्के, बारावी अठ्ठ्याहत्तर. त्या बोर्डाच्या वेबसाइटवर नंबर टाकला की निकाल दिसायचासुद्धा. दिसणारच, वेबसाइटही त्यांचीच.

मदतनीसच्या अर्जाला कागद जोडले तेव्हा बिंग फुटलं. तपासणाऱ्या मॅडमनी दोन्ही गुणपत्रिका शेजारी ठेवल्या आणि तारखांवर बोट ठेवलं. "दहावी आणि बारावी एकाच वर्षात कशी?" राज्य मंडळ असो की एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय, दहावी पास झाल्यावर बारावीचं प्रमाणपत्र मिळायला मध्ये दोन वर्षं जावी लागतात. म्हणजे 'एका वर्षात दोन्ही' असं फ्लेक्सवर लिहिलेलं असेल तर पुढे काही विचारायचीही गरज नाही. बोर्डही कुठल्या मान्य यादीत नव्हतं. माझं वय बत्तीस, मदतनीसला साधारण पस्तीसची मर्यादा. अठरा हजारांपेक्षा ते गेलेलं वर्ष जास्त टोचतं.

खरे रस्ते आहेत आणि ते स्वस्तात आहेत. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी देता येते. फॉर्म ऑनलाइन भरायचा, कागद आपण निवडलेल्या शाळेत नाहीतर ज्युनिअर कॉलेजात नेऊन द्यायचे. परभणी, हिंगोली, जालना, बीड हे सगळं संभाजीनगर विभागीय मंडळाकडे येतं. नांदेड, लातूर, धाराशिव लातूर मंडळाकडे. दुसरा रस्ता एनआयओएसचा. दहावीला पाच विषय, मराठी माध्यम आहे, नोंदणी पाच वर्षं चालते आणि जमतील तसे एकेक विषय सोडवता येतात. सतत गाडीवर असणाऱ्या दादाला हाच सोयीचा, असं माझं मत. गणिताची धास्ती असलेल्यांनाही, कारण तिथे विषय निवडता येतात. आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने बारावी नसलेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम चालवला, त्यावरून पुष्कळ बाया बी.ए. झाल्या. मावशींनी आधी तिथे चौकशी करायला हवी होती. पण पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. अंगणवाडीसाठी कुणी ती 'बारावीच समजा' म्हणून विकत असेल तर तिथूनच उठा.

दाखला अडकलाय म्हणून बसून राहू नका, सर लोक त्याच्याच जिवावर उड्या मारतात. माझ्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांनी रजिस्टर काढून दाखल्याची दुसरी प्रत दिली. तिला प्रतिज्ञापत्र जोडून १७ नंबरचा फॉर्म भरता येतो. मी तसाच भरला आहे.

पोलीस ठाण्यात पावती बघून आधी 'हा तुमचा आपसातला व्यवहार' असं झालं. मग आम्ही सात-आठ जण एकत्र गेलो, फोनपेच्या नोंदी, हॉल तिकिटं, त्या वेबसाइटचे स्क्रीनशॉट असं सगळं घेऊन, तेव्हा अर्ज घेतला. सेलू, मानवत, पाथरीकडचेही काही जण त्या गाळ्यात पेपरला बसले होते. तुम्ही त्यातले असाल तर गुणपत्रिका फाडू नका, सरांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुसू नका आणि आपापला अर्ज लेखी द्या, पोच घेऊन. जबाबाला अजून माणसं लागणार आहेत.