बँड जमवायचा की वॅकनला जायचं? ठाणे-नवी मुंबईतल्या रॉक-मेटलवाल्यांसाठी हिशेब

हाताशी दोन लाख रुपये आहेत, वर्षाला मोजक्या सुट्ट्या आहेत आणि संगीताचं वेड स्वस्थ बसू देत नाही. अशा वेळी दोन बेत हमखास समोर येतात. एक, ऑनलाइन माणसं शोधून बँड उभा करायचा. दुसरा, आयुष्यात एकदा तरी परदेशातला मोठा फेस्टिवल गाठायचा. दोन्हींचा खर्च एकाच खिशातून होत असला तरी कस वेगवेगळ्या गोष्टींचा लागतो. फेस्टिवलला एकरकमी पैसा आणि सलग सुट्टी लागते. बँडला पैसा कमी लागतो, पण आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ लागते, आणि तीही चौघांची एकाच वेळी. निर्णय बहुतेक वेळा इथेच होतो, म्हणून आधी स्वतःचं वेळापत्रक बघा. फिरत्या शिफ्टमध्ये काम असेल आणि शनिवारचा भरवसा नसेल, तर बँडचा नाद सध्या सोडा.

पैशांचा कच्चा हिशेब

फेस्टिवलचं उदाहरण म्हणून जर्मनीतलं वॅकन ओपन एअर घेऊ. १९९० पासून चालत आलेला हा मेटलचा मेळा जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला, जेमतेम दोन हजार वस्तीच्या गावात भरतो आणि ८५ हजारांच्या आसपास लोक येतात. युरो शंभर रुपये धरला, तर माणशी अंदाज असा निघतो: चार दिवसांचं तंबूच्या जागेसह तिकीट ३५ ते ३८ हजार, मुंबई-हॅम्बुर्ग जाऊन-येऊन विमान ७५ हजार, व्हिसा-सेवाशुल्क-विमा मिळून १४ हजार, हॅम्बुर्गमध्ये तीन रात्री २७ हजार, खाणंपिणं २५ हजार, तंबू आणि स्लीपिंग बॅग १५ हजार, रेल्वे-बस ५ हजार. म्हणजे दोन लाखांच्या आगेमागे. विमानभाडं हलतं, बाकीचे आकडे फारसे हलत नाहीत. क्रेडिट कार्डाने खर्च केला, तर परकीय चलनाचा अधिभार बहुतेक कार्डांवर २ ते ३.५ टक्के आणि त्यावर जीएसटी, हे विसरू नका.

बँडचा हिशेब: जॅमपॅडचं, म्हणजे सरावाच्या खोलीचं, भाडं तासाला ७०० धरा. दर शनिवारी तीन तास, बारा शनिवार, एकूण २५,२०० रुपये. चौघांत वाटले तर तीन महिन्यांचे माणशी ६,३००. वॅकनच्या एका वारीत तुमचं जॅमचं भाडं जवळजवळ आठ वर्षं निघतं. अर्थात बँड आठ वर्षं टिकला तर. तीन महिने टिकला तरी इथे पुष्कळ मानतात.

माणसं शोधताना

फेसबुकचे संगीतकारांचे ग्रुप, इन्स्टाग्राम, रेडिट, व्हॅम्परसारखी अ‍ॅप, सगळीकडे जाहिरात टाकता येते. पण जाहिरातच ढिसाळ असेल तर उत्तरंही तशीच येतात. ‘लुकिंग फॉर बँडमेट्स, ऑल जॉनर्स वेलकम’ असं लिहिलंत की पंधरा गिटारिस्ट येतात आणि ड्रमर एकही येत नाही. हवी ती जाहिरात साधारण अशी असते:

‘ठाणे-घणसोली पट्टा. ग्रंज आणि हार्ड रॉक, सहा महिने कव्हर (दुसऱ्यांची गाणी), मग मराठी ओरिजिनल. गिटार व गायक आहेत, ड्रमर आणि बेसिस्ट हवे. शनिवार संध्या. ५ ते ८, स्टेशनपासून चालत. भाडं चौघांत समान. उत्तरासोबत मेट्रोनोमवर वाजवलेला एक मिनिटाचा, एका टेकमधला व्हिडिओ पाठवा.’

जागा, वार, वेळ, पैसे, शैली आणि चाचणी, सगळं त्यात आलं. शेवटचं वाक्य चाळणीचं काम करतं. मेट्रोनोमवर, म्हणजे ठरलेल्या वेगाने टकटक करणाऱ्या यंत्राच्या क्लिकवर, एक मिनिट वाजवायला ज्याला जमत नाही किंवा कंटाळा येतो, तो पुढे बाराव्या जॅमलाही ‘आज घरी काम निघालं’ म्हणणारच. व्हिडिओत वेगवान सोलो किती भारी आहे ते बघू नका. क्लिकच्या मागेपुढे सरकतो का आणि चुकला तर थांबतो की पुढे चालू ठेवतो, एवढंच बघा.

शोध ड्रमरपासून सुरू करा. फ्लॅटमध्ये ड्रम वाजवता येत नाहीत, म्हणून ड्रमर मुळातच कमी, आणि जे चांगले आहेत ते आधीच दोन-तीन बँडमध्ये. त्याचा मोकळा वार कोणता ते विचारा आणि बाकीच्यांना त्या वारी बसवा. उलट क्रमाने गेलात तर तिघं जमतात आणि ड्रमर येता-येता दिवाळी उजाडते. इलेक्ट्रॉनिक किट घेऊन सोसायटीत सराव करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: हेडफोन लावला तरी किक पेडलचा धक्का स्लॅबमधून थेट खालच्या घरात जातो. दोन प्लायवुडच्या मध्ये अर्धे कापलेले टेनिस बॉल बसवून त्या फळीवर किट ठेवलं की तो बराच कमी होतो. रात्री १० नंतर तेही नको. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि सेक्रेटरीकाकांना ती पाठ असते.

इंटरनेटवरून एकत्र सराव करू, असं कुणी म्हटलं तर हुरळून जाऊ नका. आवाज पोचायला २५-३० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला की ताल ओढला जातो, आणि घरच्या वायफायवर तो सहज लागतो. व्हिडिओ कॉलवर तर प्रश्नच नाही. त्यापेक्षा ट्रॅकची देवाणघेवाण करा. प्रत्येकाने फाइल पहिल्या बारपासून सुरू करायची, टेम्पो नावातच लिहायचा, फॉरमॅट वेव्ह. सगळ्यांचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते माप) एकच ठेवा. ४४.१ किलोहर्ट्‌झची फाइल ४८ च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न होता शिरली, तर ती जवळपास दीड सेमीटोन (पाऊण सूर) वर आणि वेगात वाजते, मग दोघं एकमेकांना बेसूर ठरवतात.

जागा कुठली

ठाणे-नवी मुंबईत जॅमपॅडसाठी इंडस्ट्रियल गाळा सगळ्यात सोयीचा: वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे. शेजारी कारखाना असला की तक्रार करणारं कुणी नसतं. पण ड्रमर कासारवडवलीचा आणि बेसिस्ट खारघरचा असेल, तर जागा ट्रान्स-हार्बरच्या स्टेशनापासून चालत असलेलीच हवी. ठाण्याहून ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे करत वाशी आणि पनवेल दोन्हीकडे गाड्या जातात, त्यामुळे मधलं रबाळे किंवा घणसोली दोघांनाही परवडतं. घोडबंदर रोडवर शनिवारी संध्याकाळी रिक्षाने ‘अर्ध्या तासात पोचतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. गिटारची बॅग पाठीवर असेल तर गर्दीच्या वेळी मालडबा बरा. हेडस्टॉक (गिटारचं वरचं टोक) दाराच्या पाइपला आपटून ट्यूनिंग पेग वाकणं ही इथली नेहमीची दुखापत आहे.

बुकिंगआधी फोनवर चार गोष्टी विचारा. झांजा आणि स्नेअर भाड्यात आहेत का, की ड्रमरने आणायच्या? बेस अ‍ॅम्प खरा आहे की गिटारच्याच अ‍ॅम्पमध्ये बेस लावायचा? एमआयडीसीत देखभालीची वीजकपात कोणत्या वारी असते? आणि चौथा प्रश्न, बहुतेक जण विचारत नाहीत तो: अर्थिंग आहे का?

हा चौथा महत्त्वाचा आहे. दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर अ‍ॅम्प लावलेला असेल, तर गिटारच्या तारांवर गळतीचा करंट येऊ शकतो आणि माइक नीट अर्थ झालेला असतो. तारांवर हात ठेवून गायकाने ओठ माइकला लावले की चटका बसतो. थोडक्यात निभावलं तर झिणझिण्या, नाही तर जिवावर बेततं. गाणं सुरू होण्याआधी टेस्टरने तारा आणि माइकची जाळी तपासा. टेस्टर पेटला तर वायरमन येईपर्यंत जॅम बंद. नुसती ५० हर्ट्‌झची घुर्र येत असेल, तर गिटारचा सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) आणि ट्यूबलाइटवर संशय घ्या आणि गिटारिस्टला दिशा बदलून उभं करा. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं.

पहिला जॅम दोन तासांचा, तीन गाण्यांचा ठेवा. गाण्याचं नेमकं व्हर्जन, पट्टी आणि बीपीएम (मिनिटाला ठोके) आधी लिहून पाठवा, नाही तर एक जण स्टुडिओचं तर दुसरा लाइव्हचं बसवून येतो. जोडणीत वीस मिनिटं जातातच. गायकाचा माइक शिट्टी मारत असेल तर आवाज वाढवत बसू नका, माइकची पाठ स्पीकरकडे करा. गायकांच्या नेहमीच्या कार्डिओइड माइकला मागून येणारा आवाज सगळ्यात कमी ऐकू येतो. छोट्या खोलीत आवाजाची पातळी ड्रमर ठरवतो. त्याने हळू वाजवलं नाही तर बाकी सगळे नॉब फुकट.

बँड फुटतात ते ‘संगीतातल्या मतभेदांमुळे’ असं सांगायची पद्धत आहे. प्रत्यक्षात फुटतात ते भाड्यावरून. म्हणून पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर लिहून टाका: २४ तास आधी कळवलं नाही, तर न येणाऱ्याचाही वाटा. ओरिजिनल गाणं झालं की शब्द कुणाचे, चाल कुणाची हे त्याच दिवशी ईमेलवर. अनोळखी माणसाची पहिली भेट गाळ्यात नको, स्टेशनजवळ चहाला. कुणी ‘स्लॉट पकडतो, आधी पैसे पाठव’ म्हणालं तर पाठवू नका. मुलींनी तर पहिल्या जॅमला ओळखीचं कुणी सोबत न्यावंच.

फेस्टिवलची किल्ली: कॅलेंडर

वॅकनची खरी अडचण पैशांपेक्षा क्रमाची आहे. तिकिटं आदल्या वर्षीचा फेस्टिवल संपला की लगेच निघतात आणि काही तासांत संपू शकतात. जर्मनीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज मात्र प्रवासाआधी सहा महिन्यांपेक्षा लवकर करता येत नाही. म्हणजे तिकीट आधी आणि परवानगी नंतर. ही जोखीम ज्याला पेलवत नाही त्याने हा बेत करूच नये. निदान विमानाचं तिकीट तरी व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येणारंच घ्या.

जुलैअखेरच्या प्रवासाला अर्जाची खिडकी जानेवारीअखेर उघडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका, एप्रिलनंतर उन्हाळी सहलवाल्यांमुळे अपॉइंटमेंटची मारामार असते. शुल्क ९० युरो, शिवाय व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोंचा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला, परतीनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी. फेस्टिवलचं तिकीट म्हणजे निमंत्रण नव्हे, पण तंबूच्या रात्रींचा निवासाचा पुरावा म्हणून ते जोडा. हॅम्बुर्गच्या रात्रींना हॉटेलचं बुकिंग वेगळं. एकही रात्र रिकामी दिसायला नको. कंपनीचं रजेचं पत्र, आयकर विवरणपत्रं आणि बँकेचा उतारा. अर्जाच्या आठवड्यात मामांकडून खात्यात आलेले दोन लाख अधिकाऱ्याला लगेच दिसतात.

पोचणं सोपं: हॅम्बुर्गहून रेल्वेने तासाभरात इट्झेहो, तिथून शटल बस. निघताना तिकिटावर विमानतळाचा कोड वाचा. बीओएम म्हणजे सहार, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. सीवूडचा माणूस चुकीच्या दिशेला निघाला तर खाडीपूल ओलांडून परत येण्यात विमान जाईल.

तिथे सगळ्यात जास्त चुकतं ते हवामान. ऑगस्टातही उत्तर जर्मनीत रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो, त्यामुळे ट्रेकसाठी घेतलेली पातळ स्लीपिंग बॅग पुरत नाही. कम्फर्ट रेटिंग १० अंश किंवा त्याखालचं बघा. पाऊस लागला तर शेताचा राडा होतो. २०२३ मध्ये चिखलामुळे प्रवेशच थांबवावा लागला आणि तिकीट असूनही हजारो लोक बाहेर राहिले. त्यांना पैसे परत मिळाले, पण विमानाचे थोडेच मिळणार? गमबूट इथूनच न्या. पॉवर बँक केबिन बॅगेत, १०० वॉट-तासांच्या आत: २०,००० एमएएचची सुमारे ७४ भरते, चालते. गॅसचे डबे विमानात नाहीत.

एकाच आवडत्या बँडसाठी मात्र परदेशी जाऊ नका. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये डिसेंबर २०१९ ला यू-टू आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले वाजवून गेले. थांबलात तर अशी मोठी नावं लोकलच्या तिकिटात मिळतात. जायचं ते ज्या प्रकारचं संगीत इथे स्टेजवर येतच नाही, त्याचे चार दिवसांत तीस-चाळीस बँड ऐकायला. जपानचं फुजी रॉक हा मेटलबाहेरच्यांना चांगला पर्याय: नाएबाच्या स्की रिसॉर्टवर, बुलेट ट्रेनने एचिगो-युझावा आणि पुढे बस.

कानांचं दोन्हीकडे सारखंच. ८५ डेसिबलला आठ तास आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, या मापाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं मिळतात. गाळ्यातला क्रॅश सिंबल (ड्रमची मोठी झांज) तिथे सहज पोचतो. १५-२० डेसिबल सगळ्या पट्ट्यांत सारखे कमी करणारे इअरप्लग घ्या. फोमच्या बोळ्यांनी कान वाचतात, पण वरचा आवाज मरतो आणि गायक सुरात आहे का ते कळत नाही.

मग कुणी काय करावं

चार माणसांसोबत एका खोलीत कधी वाजवलंच नसेल, तर आधी बँड. सहा हजारांत कळतं की हे आपलं काम आहे की नाही. दोन लाख घालून ते कळत नाही. ज्यांचे बँड होऊन गेलेत, हात चालतो पण माणसं टिकत नाहीत, त्यांनी यंदा खुशाल फेस्टिवल करावा. तिथे बँडमेट सापडतील ही आशा मात्र ठेवू नये, शेजारच्या तंबूतला भला ड्रमर ब्रेमेनचा निघणार. दोन्ही वाटा एकत्र येणारं दार एकच, वॅकनची मेटल बॅटल. करारबद्ध नसलेल्या बँडसाठीची ही स्पर्धा भारतातही झाली आहे, आणि स्पर्धेतून नसला, तरी दिल्लीचा ब्लडीवूड हा बँड २०१९ मध्ये वॅकनच्या मंचावर होता. त्या वाटेला गेलात तरी व्हिसा प्रत्येकाचा स्वतंत्र. चौघांपैकी एकाचा अडकला तर बेसिस्टविना वाजवायची तयारी ठेवा.

दोन्ही एकाच वर्षात करायचं असेल, तर जाहिरात ऑक्टोबरमध्ये टाका, म्हणजे पावसाने तारा गंजायच्या आत दोन-तीन गिग होतात. व्हिसाची फाइल जानेवारीअखेर तयार ठेवा. आणि जुलैमधले जे शनिवार तुम्ही नसाल, ते ग्रुपवर महिनाभर आधी कळवा, त्या शनिवारांचं भाडं कोण भरणार यासकट.