लिव्हरलेस काही महिने वापरल्यावर: एका उजव्या बटणाने डोकं खाल्लं त्याबद्दल

फायटिंग गेम चालू आहे, हातात लिव्हरलेस, म्हणजे लिव्हर (दांडा) नसलेला, दिशांनाही बटणंच असलेला कंट्रोलर. उजवं बटण नुसतं धरलंय, दुसरं काहीच दाबलेलं नाही, आणि कॅरेक्टर स्वतःहून डॅश मारून, म्हणजे झटक्यात पुढे सरकून, थेट समोरचा पकडून फेकेल इतक्या जवळ. एकदा झालं तर माणूस म्हणतो बोट हललं असेल. पण रोज व्हायला लागलं, तेही नेमकं हातातोंडाशी आलेल्या राऊंडला, तेव्हा रँक्ड सामने बंद केले आणि ट्रेनिंग मोड उघडून बसलो. त्यावर कुठलं बटण कुठे असतं, हे इथे सगळ्यांना माहिती आहे, त्यामुळे तो भाग सोडतो. मला बोलायचंय ते स्विचबद्दल, आणि त्यातही स्विच दाबल्यावर काय होतं यापेक्षा सोडल्यावर काय होतं याबद्दल, कारण खरेदीच्या वेळी हा प्रश्न कोणीच विचारत नाही.

आधी थोडक्यात इथपर्यंत कसा आलो ते. पॅडवर बरीच वर्षं खेळलो, अंगठ्याचं सालपट निघायचं आणि घाईत डायगोनल (तिरकी दिशा) लागायचा नाही. मग आर्केड स्टिक घेतली, आत सान्वाचा जेएलएफ लिव्हर, चौकोनी गेट (लिव्हर ज्या चौकटीत फिरतो ती). लिव्हर म्हणून उत्तम, त्याचे चारही मायक्रोस्विच शेवटपर्यंत ठणठणीत होते, पण पुढून मागे जाताना मधलं जे अंतर कापावं लागतं ते मला कायम जास्त वाटलं. अष्टकोनी गेट टाकून बघितला, कोपरे हाताला कळायला लागले पण मनगटाचा त्रास तसाच. शिवाय ते धूड मांडीवर घेऊन बसणं वेगळंच. म्हणून लिव्हरलेस. पहिल्या आठवड्यात साधं उडीचं बटण अंगठ्याला सापडत नव्हतं, पण ते सगळ्यांचंच होतं आणि जातंही.

घेतलेल्या लिव्हरलेस बॉक्समध्ये आरपी२०४० चिप, त्यावर जीपी२०४०-सीई फर्मवेअर (बॉक्स चालवणारं सॉफ्टवेअर), लो प्रोफाइल म्हणजे बुटके, चॉक व्ही१ प्रकारचे लाल स्विच आणि सगळे हॉट-स्वॅप, म्हणजे सोल्डरिंग न करता काढता-घालता येणारे. पहिले काही महिने मी हा बॉक्स भेटेल त्याला घ्यायला सांगत होतो. फर्मवेअरच्या सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडतं, कुठलं बटण कुठे हवं ते बदलायचं, सेव्ह करायचं, झालं. पीसीवर पोलिंग १००० हर्ट्झ, म्हणजे बटणांची स्थिती सेकंदाला हजार वेळा वाचली जाते. यात खोट काढायला जागा नाही, आणि हे फर्मवेअर ओपन सोर्स आहे, लोक आपल्या वेळातून ते सांभाळतात, त्यांचे मनापासून आभार मानायला हवेत.

मग ते उजवं बटण.

स्ट्रीट फायटर ६ मध्ये इनपुट हिस्टरी चालू केली की प्रत्येक इनपुटशेजारी तो किती फ्रेम धरला त्याचा आकडा दिसतो. उजवं दाबून धरलं की एकच ओळ राहायला हवी आणि तिचा आकडा चढत जायला हवा. माझ्याकडे चढायचा, आणि तीन-चार फ्रेम झाल्या नाहीत तोच मधे न्यूट्रलची (कुठलीच दिशा दाबलेली नाही अशी) एक ओळ, आकडा १, आणि तिच्यावर परत उजवं नव्याने सुरू. एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. तेवढाच वेळ स्विचच्या आतला संपर्क तुटत होता आणि गेमला दिसत होतं पुढे, न्यूट्रल, पुढे. याला डॅश म्हणतात आणि गेमने डॅश दिला, गेमचं काय चुकलं. आणि मी उजव्या बाजूला उभा असलो की तेच बटण मागे जायचं होतं, मग डॅशऐवजी ब्लॉक मधेच सुटायचा आणि धरून ठेवलेला चार्ज (काही चालींआधी मागे धरून ठेवावं लागतं तो) पण जायचा. इतके दिवस मला वाटत होतं दोन वेगळे त्रास आहेत, एका बाजूला डॅश आणि दुसऱ्या बाजूला ब्लॉक. दोन्हीचं मूळ एकच स्विच!

आता सर्व्हिसची गोष्ट. ज्यांच्याकडून घेतला त्यांना हिस्टरीचा व्हिडिओ पाठवला, त्यात ती १ वाली ओळ गोल करून दाखवली. उत्तर आलं, फर्मवेअर अपडेट करा. केलं. फरक शून्य. मग म्हणाले डिबाउन्स वाढवा. ५ मिलिसेकंदावरून वाढवत नेला, त्यानेही काही नाही, आणि होणारच नव्हतं, कारण डिबाउन्स असतो तो दाबताक्षणी पत्र्याची जी बारीक थरथर होते तिच्यासाठी, इथे तर धरलेलं बटण पन्नास-साठ मिलिसेकंदांनी तुटत होतं. हे लिहून कळवलं तर पुढचं उत्तर असं की पूर्ण बॉक्स पाठवा, पाठवायचा खर्च तुमचा, तपासून सांगू, आणि स्विचची झीज वॉरंटीत बसत नाही. मी विचारलं मग एक स्विच पाठवा, मी बसवतो, हॉट-स्वॅप आहे ना? तर म्हणे मागचं झाकण उघडलं की वॉरंटी गेली.

इथे माझं डोकं फिरलं आणि अजून शांत झालेलं नाही. हॉट-स्वॅप हा शब्द जाहिरातीत सगळ्यात वर, लोक त्यासाठीच घेतात, आणि तो वापरायला झाकण काढलं की हात वर! मग तो सॉकेट आत दिलाय कशाला? एका चिमूटभर स्विचसाठी अख्खा बॉक्स पाठवायचा, तो परत येईपर्यंत खेळ बंद, आणि खर्च आपण सोसायचा. मी नाही पाठवला. पैसे जपून वापरणाऱ्या माणसाला हा हिशोब कुठल्याच बाजूने पटणार नाही. वॉरंटी गेली तर गेली, स्क्रू काढले.

ज्यांना हाच त्रास आहे त्यांनी नवीन स्विच मागवायच्या आधी एक करा. संशयित स्विच काढून कमी वापराच्या एखाद्या बटणाला लावा आणि तिथला इकडे आणा, मग परत हिस्टरी बघा. बिघाड स्विचबरोबर गेला तर स्विच खराब, जागेवरच राहिला तर सॉकेट किंवा बोर्ड. काढताना सरळ वर ओढा, वाकडा ओढला तर पिना वाकतात, आणि वाकलेली पिन तशीच दाबली तर सॉकेट ढिला होऊन नवीन दुखणं सुरू. माझा बिघाड स्विचबरोबर गेला. जीव भांड्यात पडला.

मग तो स्विच उघडला. वरचं टोपण चार खाचांवर असतं, नखाने सुटतं. आत एक स्प्रिंग, एक दांडा आणि तांबूस रंगाची पातळ पट्टी, बस एवढंच. मोबाईलचा टॉर्च जवळ धरला तर पट्टी जिथे टेकते तिथे एक काळा, केसापेक्षा बारीक धागा आडवा अडकलेला. बॅगेच्या अस्तराचा. बॉक्स मी बॅगेत उघडाच टाकत होतो आणि बटणांच्या कडेच्या फटीतून तो आत गेला असणार. धागा काढला तर स्विच ठीक चालला, तरी दिशेच्या बटणावर तो परत लावणार नाही, जे बटण मी वापरतच नाही तिथे टाकलाय. तेव्हा बॉक्स घेतला की आधी एखादं झाकणवालं कव्हर बघा, वरच्या पॅनलवरचं चित्र नंतर.

आता माझा मुख्य मुद्दा. सगळी चर्चा असते दाबण्याच्या वेगाची. साधा चेरी लाल स्विच २ मिमीवर लागतो, स्पीड सिल्व्हर १.२ मिमीवर, लो प्रोफाइल चॉक लाल १.५ मिमीवर, म्हणून अमका फास्ट तमका स्लो. अटॅकच्या बटणांना चला, समजू शकतो. पण दिशांना? लिव्हरलेसवर लिव्हर नाही म्हणजे मधे परत आणणारी स्प्रिंगही नाही, न्यूट्रल म्हणजे तुमचं बोट उचललं जाणं. डावं आणि उजवं एकदम दाबलेलं असेल तर एसओसीडी सेटिंग (विरुद्ध दिशा एकदम आल्यावर काय करायचं ते ठरवणारं) न्यूट्रल देतं, म्हणजे स्ट्रीट फायटरमधल्या गाईलचा चार्ज धरून सॉनिक बूम (मागे धरून मग पुढे आणि पंच) टाकताना उजवं कितीही लवकर दाबा, डावं सुटेपर्यंत गेमला पुढे दिसतच नाही. बूमची वेळ तुमचं सोडणारं बोट ठरवतं. टेकन या दुसऱ्या फायटिंग गेममध्ये इलेक्ट्रिक नावाच्या पंचचं तेच, पुढे, न्यूट्रल, खाली, मग पुढचा डायगोनल आणि पंच एकाच फ्रेमला. तिथे पहिलं पुढे उशिरा सुटलं तर न्यूट्रल येतच नाही, आणि लोक बिचारे पंच लवकर दाबायचा सराव करत बसतात.

शेवटचं दाबलेलं जिंकतं असं सेटिंग फर्मवेअरमध्ये आहे आणि त्याने डावं न सोडता बूम निघतो, पण स्ट्रीट फायटर बनवणाऱ्या कॅपकॉमच्या प्रो टूर स्पर्धांना ते चालत नाही, आणि माझ्या मते चालू नयेच. २०१९ मध्ये नावाजलेला जपानी खेळाडू डायगो उमेहाराने वापरायला घेतलेल्या ऑल-बटण बॉक्सलाही त्यांनी परवानगी नाकारली होती, तेव्हापासून हा वाद आहे. घरीसुद्धा न्यूट्रलवरच खेळा, नाहीतर हाताला सवय एक आणि स्पर्धेत नियम दुसरा.

म्हणून दिशांच्या तीन बटणांना मी ५० ग्रॅमवाले लाल काढून ६० ग्रॅमचे काळे लिनियर (दाबताना मधे टिचकी न लागणारे) टाकले. स्प्रिंग थोडी जड, त्यामुळे बोट सैल केलं की स्विच स्वतः वर येतो, बोटाच्या मागे रेंगाळत नाही. वाट बघताना बोटं बटणांवर टेकलेली असतात, लाल हलके असल्याने त्या टेकण्यानेच कधीकधी खालीची दिशा लागून जायची, तेही थांबलं. पहिले दोन-तीन दिवस करंगळी दुखली. डावं माझं करंगळीशेजारच्या बोटावर आहे, तरी दुखली करंगळी, का ते कळलं नाही.

वरचं लिहून ठेवलं होतं त्याला आता काही आठवडे झालेत, तर जे बदललंय ते इथेच टाकतो. एक, काळे स्विच डाव्या-उजव्याला शंभर टक्के बरोबर, पण खालीला मी परत लाल लावला. क्राऊच ब्लॉक (खाली बसून बचाव) धरून बसायचं असतं आणि लांब सेटमध्ये ६० ग्रॅम जाणवतात, शिवाय खालीचं बटण सतत धरलेलंच असतं, तिथे सोडण्याची इतकी घाई नसते. दोन, बॉक्सबद्दल राग बराच उतरलाय. विकणाऱ्याबद्दल नाही, बॉक्सबद्दल. झाकण उघडल्यावर दिसलं की आतला पत्रा जाड आहे, स्विच बसतात त्या खाचा नेमक्या कापल्यात, सॉकेटचं सोल्डरिंग स्वच्छ आहे. ज्याने हा बनवला त्याने जीव लावून बनवलाय आणि ज्याने विकला त्याला त्याची किंमत नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय.

बाकी बदल पटापट सांगतो. उडीचं बटण मोठं, ३० मिमीचं, त्याखालीही काळा स्विच टाकला कारण अंगठा तिथे विसावलेला असतो आणि नको तेव्हा उडी म्हणजे समोरच्याला फुकटचा अँटी-एअर, म्हणजे हवेतच मार. तळाला घसरू नये म्हणून रबरी चटई चिकटवली, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल. आत फोम भरला, आवाज कमी झाला, खेळात काही फरक नाही. ड्राईव्ह इम्पॅक्ट आणि पॅरी या दोन-दोन बटणांच्या चाली एकेका बटणावर गेमच्याच सेटिंगमधून लावलेत. अटॅकच्या बटणांना हात लावला नाही, लालच आहेत आणि झकास आहेत.

कन्सोलवाल्यांनी मात्र घ्यायच्या आधी ऑथेंटिकेशनचं (कन्सोल कंट्रोलरला अधिकृत मानतो का, याचं) नीट विचारा. पीएस४ वर ते नसेल तर आठ मिनिटांनी कंट्रोलर बंद पडतो, त्यासाठी वेगळा डोंगल लागतो आणि तो खर्च बॉक्सच्या किमतीत कोणी सांगत नाही.

घेताना दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. स्विच बदलायला झाकण उघडलं तर वॉरंटी राहते का, आणि स्विच चॉक व्ही१ आहेत की व्ही२, कारण दोन्हीचे दांडे वेगळे, एकाच्या टोप्या दुसऱ्यावर बसत नाहीत. पहिल्याचं उत्तर 'नाही' असं आलं तर तो बॉक्स कितीही देखणा असो, सोडून द्या. आणि घेतलाच तर त्याच दिवशी दिशांचे दोन स्विच जास्तीचे मागवून ठेवा, बॉक्सच्या मानाने त्यांची किंमत काहीच नाही. माझे दोन काळे आणि एक लाल कव्हरच्या खिशात आहेत, आणि उजव्याची हिस्टरी मी अजूनही दर रविवारी एकदा तपासतो.